पंधरा फुटांवरची बैठक

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका अपेक्षेपेक्षा जास्त आल्या, म्हणून राधिकाने आपल्या मैत्रिणीला, सुलेखाला, गॅरेजमधून फोल्डिंगच्या खुर्च्या आणायला पाठवलं. खुर्च्यांच्या वर खुंटीला एक वस्तू लटकत होती. जाड हिरव्या कापडाचा रुंद पट्टा, त्याला मांड्यांभोवती बसतील अशा दोन कड्या, पुढे दोराचा एक छोटा झोका, आणि शेजारी नीट गुंडाळून ठेवलेला करंगळीएवढ्या जाडीचा लांब दोर. सुलेखाने तो पट्टा खाली काढून उलटासुलटा केला, शिवण ओढून पाहिली. हे कशासाठी असेल याचा विचार करत ती तिथेच उभी राहिली आणि खुर्च्या राहून गेल्या.

थोड्या वेळाने राधिकाची मुलगी इला तिला शोधत आली.

"हे काय आहे गं?" सुलेखाने विचारलं.

"माझी सॅडल, मावशी. मी त्यात बसते. झाडावर."

"कशाला?"

इलाने आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डियर हंटिंग."

इला सत्तावीस वर्षांची. जन्म इथलाच, न्यू जर्सीतला. कॉलेजात जंगलांचा अभ्यास केला आणि आता एका कंपनीत मोठमोठ्या झाडांवर दोर बांधून चढायचं, वाळलेल्या फांद्या कापायच्या, हे तिचं काम. राधिका लोकांना 'ती एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे' एवढंच सांगायची. शिकारीचं तर कुणाजवळ बोलायचीच नाही.

सुलेखा मूळची नागपूरची. एकोणीस वर्षं जर्सी सिटीत राहत होती आणि मॅनहॅटनमधल्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होती. दुसऱ्यांनी बनवलेली गोष्ट कुठे, कशी आणि केव्हा मोडेल हे शोधून काढायचं, त्याचा तिला पगार मिळायचा. त्यामुळे तिने तिथेच गॅरेजात प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. दोर तुटला तर? गाठ सरकली तर? झाडच वाळकं निघालं तर? आणि जमिनीवरच का बसत नाहीत?

इलाने मोडक्यातोडक्या मराठीत आणि बऱ्याचशा इंग्रजीत सगळं समजावलं. ती जिथे जाते ते जंगल सरकारच्या मालकीचं. लायसन्स असेल त्या कुणालाही तिथे जाता येतं, आणि म्हणूनच तिथे आपली अशी कायमची जागा कुणाची नसते. झाडाला खिळे ठोकायचे नाहीत, मचाण बांधून ठेवायचं नाही. जे लागेल ते पाठीवर न्यायचं आणि परत आणायचं. पार्किंगच्या जवळपास गर्दी असते, तर जो हलकं सामान घेऊन लांब चालतो त्याला शांत जागा मिळते. ही सॅडल जेमतेम दोन पौंडांची. त्यात बसायचं, दोर खोडाभोवती टाकायचा, पाय ताटाएवढ्या छोट्या प्लॅटफॉर्मवर ठेवायचे आणि खोडाकडे तोंड करून मागे रेलायचं. हरीण आलं तर मधे खोड असतं, त्यामुळे आपण दिसत नाही.

"चार-चार तास असं बसून करतेस काय?"

"बघते," इला म्हणाली.

हे उत्तर सुलेखाच्या डोक्यातून जाईना. हळदीकुंकू आटोपल्यावर, साडी बदलून, राधिकाची ट्रॅक पँट घालून, तिने परसातल्या मेपलच्या झाडाला जमिनीपासून दोन फुटांवर स्वतःला बांधून घेतलं. राधिका खिडकीतून पाहत होती आणि मान हलवत होती. मागे रेलताना सुलेखाचे हात खोड सोडायला तयार नव्हते. एकदा सोडले, आणि दोराने तिला धरून ठेवलं. ती तशीच वीस मिनिटं बसली. त्या वीस मिनिटांत तिला कुंपणावरची खार दिसली, आणि ती खार एका ठिकाणी काहीतरी पुरते, पुन्हा तेच उकरते आणि दुसरीकडे नेऊन पुरते हे दिसलं. असं का करत असेल, हे तिने घरी जाताना ट्रेनमध्ये फोनवर शोधलं.

मुलगा शिव नोकरीसाठी ऑस्टिनला गेल्यापासून तेविसाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये सुलेखा आणि तिचा नवरा शैलेंद्र दोघंच होते. शैलेंद्रने जन्मात कधी मांस खाल्लं नव्हतं. सुलेखा खायची, स्वतःपुरतं वेगळ्या भांड्यात करायची, त्यावरून दोघांत पंचवीस वर्षांत वाद झाला नव्हता. पण तिने शिकारीच्या कोर्सला नाव नोंदवलं हे सांगितल्यावर त्याने हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुला मारायचं आहे की बघायचं आहे?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्याने पुन्हा विचारलं नाही. फक्त दोर किती वजन पेलतो तेवढं विचारलं, आणि तिने आकडा सांगितल्यावर तो कंपनीच्या साइटवर जाऊन स्वतः तपासून आला.

वसंत आणि उन्हाळा शिकण्यात गेला. कोर्सची परीक्षा झाली. शनिवारी सकाळी ती तिरंदाजीच्या हॉलमध्ये जाऊन धनुष्य ओढायला शिकली. पहिले दोन महिने खांदा दुखायचा, बाण वाट्टेल तिथे जायचे. हॉलमधल्या मास्तरांनी आणि इलाने दोघांनीही तिला एकच नियम घालून दिला होता, की पंधरा पावलांच्या पलीकडे बाण सोडायचाच नाही. ऑगस्टपर्यंत पंधरा पावलांवर तिचे सगळे बाण एका बशीत मावायला लागले.

रविवारी इला तिला वायव्येकडच्या एका जंगलात न्यायची. घरापासून दीड तासाचा ड्राइव्ह. तिथे झाडावर चढायचं नव्हतं, फक्त चालायचं आणि पाहायचं. सुलेखाला हेच सगळ्यात आवडलं. चिखलातला खूर कुठल्या दिशेला चाललाय, लेंड्या ताज्या की जुन्या, कुठल्या रोपट्याचा शेंडा खाल्लाय. ओकच्या झाडांचे प्रकार असतात, आणि त्यातल्या एकाची फळं कमी कडू म्हणून हरणं ती आधी संपवतात, हे कळल्यावर तिने दोन्हीची फळं चावून पाहिली आणि बराच वेळ थुंकत राहिली. जंगलाच्या मध्यावर मोठी दलदल होती. तिच्या काठाने हरणांची एक बारीक पायवाट जायची. ती सरळ न जाता एका ठिकाणी वळसा घेत होती. का, ते इलालाही सांगता येईना. सुलेखाने तिथलं एक सरळ, जिवंत ओक निवडलं. हरणं दिवसा दलदलीतल्या उंच गवतात झोपत असणार आणि सकाळी ओकची फळं खायला काठावर येत असणार, असा तिचा अंदाज होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दुपारी ती पहिल्यांदा खरोखर वर गेली. शिडीचे चार छोटे तुकडे असतात. एक खोडाला पट्ट्याने आवळायचा, त्यावर चढायचं, मग त्याच्या वर दुसरा. कमरेभोवतीचा दोर सगळा वेळ खोडाला वेढलेला. दहा फुटांपर्यंत ती व्यवस्थित गेली. पंधरा फुटांवर प्लॅटफॉर्म बांधून झाला, वरचा दोर अडकवून झाला, आता फक्त मागे रेलायचं होतं, आणि तिथे ती थिजली. रोज तेविसाव्या मजल्याच्या खिडकीत उभं राहून चहा पिणारी बाई पंधरा फुटांवर खोडाला मिठी मारून उभी राहिली. साल गालाला रुतत होती. खाली इला उभी होती. तिने धीरही दिला नाही आणि खाली ये असंही म्हटलं नाही. सुलेखाने एकेक वस्तू मनात तपासायला घेतली. दोर, गाठ, हुक, शिवण, झाड. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की यातली कुठलीच गोष्ट मोडत नाहीये. उरली होती ती स्वतः. तिने हात सोडले.

त्या दिवशी हरीण आलं नाही. त्यानंतरच्या दोन रविवारीही नाही. एकदा तर ती झाडापाशी पोचली तेव्हा चाळीस पावलांवर दुसराच एक शिकारी वर बसलेला होता. त्याने हात हलवला, तिने हलवला, आणि ती मुकाट्याने अर्धा मैल पुढे निघून गेली.

पण रिकाम्या हाताने परत येताना तिच्याकडे सांगायला काहीतरी असायचंच. अर्ध्या तासात जंगल माणूस आलाय हे विसरतं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतं, हे तिने शैलेंद्रला सांगितलं. डोकं खाली करून खोडावरून उतरणारा एक चिमणा पक्षी तिच्या बुटावर बसला होता. आणि एकदा खालून अस्वल गेलं. काळं, भलंमोठं, ओल्या पानांवर अजिबात आवाज न करता. तिच्या झाडापाशी थांबून त्याने शिडीचा सगळ्यात खालचा तुकडा हुंगला. अस्वलाने शिंकल्यासारखं केलं आणि ते निघून गेलं. हे ऐकताना शैलेंद्रने हातातली पोळी खाली ठेवली होती. ते वर का बघत नाही, असं त्याने विचारलं. तिने इलाला विचारून सांगते म्हटलं. मग तो म्हणाला, "पुढच्या वेळी पोचल्यावर आणि खाली उतरल्यावर मेसेज कर. दोन्ही वेळा."

हॅलोविन होऊन गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती एकटीच गेली. कनेक्टिकटमध्ये वादळाने झाडं पडली होती, इला तिकडे कामावर होती. सुलेखा उजाडायच्या आत वर बसली. हवा थंड आणि स्थिर होती. आठ वाजून गेल्यावर दलदलीच्या बाजूने पानं वाजली. हरणाची एक मादी पायवाटेने येत होती, एकटीच. वळशाच्या जागी ती वळली आणि सुलेखापासून चौदा पावलांवर आडवी उभी राहून खाली तोंड घालून खाऊ लागली. सुलेखाला तिच्या पापण्या दिसत होत्या, तोंडातून फळ फुटल्याचा आवाज ऐकू येत होता.

मारायचं की बघायचं, याचं उत्तर तिने अजून ठरवलं नव्हतं. खोडाच्या आडून तिने धनुष्य वर घेतलं, ओढलं. अजूनही न सोडता खाली घेता आलं असतं. तिने बाण सोडला. त्याच क्षणी मादीने एक पाऊल पुढे टाकलं. बाण हवा होता त्यापेक्षा वीतभर मागे लागला. ती पाठ वाकवून उसळली आणि दलदलीच्या दिशेने धावली, मग आवाज बंद झाला.

अर्ध्या तासाने सुलेखा खाली उतरली. बाण जमिनीत रुतलेला होता आणि त्याच्यावरचं रक्त गडद, जवळजवळ काळपट होतं. तिने इलाला फोन लावला, रंग सांगितला. लिव्हरला लागला असणार, इला म्हणाली. मरेल, पण वेळ लागेल. आता मागे गेलीस तर ती उठून मैलभर पळेल आणि मग कधीच सापडणार नाही. बाण सोडलास तेव्हापासून चार तास थांब. काहीही झालं तरी थांब.

सुलेखा कारपाशी येऊन बसली. शैलेंद्रला मेसेज करायचा होता, तिने फोनच केला. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं, बाण मागे लागला हेसुद्धा. तो परत ये म्हणाला नाही की मी येऊ का म्हणाला नाही. 'ठीक आहे' म्हणून त्याने फोन ठेवला. दीड तासाने त्यांची दुसरी गाडी पार्किंगमध्ये शिरली. त्याच्या पायात ऑफिसला जायचे बूट होते, हातात चहाचा थर्मास.

दोघं कारच्या मागच्या दारात बसून चहा प्यायले. दर थोड्या वेळाने तो घड्याळ पाहत होता.

"ती कुठेतरी पडलीय," तो अखेर म्हणाला, "आणि आपण इथे चहा पितोय."

"आत्ता गेलो तर तिला उठवून पळवू."

"कळतंय मला. पण बरोबर बारा दहाला निघायचं. मिनिटभर उशीर नको."

बारा वाजून दहा मिनिटांनी ते निघाले. बाण सापडला त्या जागेपासून रक्ताचे थेंब शोधत जायचं होतं. तपकिरी आणि लाल पानांनी जमीन झाकलेली, त्यात थेंब दिसायचे नाहीत. सुलेखाला पहिले चार दिसले आणि मग काहीच नाही. शैलेंद्र गुडघ्यांवर बसला. त्याने कारमधून टिश्यूंचा डबा आणला होता. प्रत्येक थेंबापाशी तो टिश्यूचा एक तुकडा ठेवायचा, मागे वळून तुकड्यांची रेघ पाहायचा आणि पुढचा थेंब कुठे असेल तिथे हात टेकायचा. पान उलटून पाहायचा. बँकेतल्या नोकरीत तो वर्षानुवर्षं लांबलचक याद्यांमधून चुकलेली ओळ हुडकत आला होता, आणि तीच चिकाटी त्याने इथे लावली. दीडशे पावलं जायला त्यांना तास लागला. दोनदा माग तुटला. दुसऱ्यांदा सुलेखा म्हणाली की झालं, आता नाही सापडणार. तो वेगळ्याच बाजूला, पाण्याकडे रांगत गेला आणि तिथून त्याने तिला हाक मारली.

मादी एका पडलेल्या खोडाच्या आडोशाला, नेच्यांत कुशीवर पडली होती. थंड होत आली होती. डोळे उघडे. शैलेंद्र तिच्याजवळ बसला आणि त्याने कानामागे हात ठेवला, कुत्र्याच्या ठेवतात तसा. सुलेखाला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. ती थांबेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

मग मादीचं पोट फाडून ते साफ करायचं काम होतं. इलाने दोनदा करून दाखवलं होतं, पण स्वतःच्या हाताने ही पहिलीच वेळ. शैलेंद्र निघून जाईल असं तिला वाटलं होतं. त्याने बाही वर केली आणि मागचा पाय धरला. तोंड बाजूला वळवून धरला, पण सोडला नाही. आतडी आणि पोटाची पिशवी बाहेर आली तेव्हा वाफ निघत होती. ती पिशवी चांगली मोठी, गच्च भरलेली होती. आता शैलेंद्र तोंड वळवून नव्हता.

"हिने काय खाल्लं असेल?" त्याने विचारलं.

सुलेखाने त्याच्याकडे पाहिलं. हा प्रश्न खरं तर तिचा होता. तिने सुरीने पिशवीला चीर दिली. चावलेल्या पाल्याचा आंबट वास आला. काठीने तिने ढवळून पाहिलं. ओकच्या फळांचे पांढरट तुकडे होतेच. पण त्यात पिवळट, चपट्या बियाही होत्या, पन्नास-साठ तरी. आणि नारिंगी सालीचे लगदे.

"भोपळा आहे हा," शैलेंद्र म्हणाला. "जंगलात भोपळा कुठून आला?"

दोघंही उकिडवे बसून त्या बियांकडे पाहत राहिले. सुलेखाने सहा महिने बांधलेला अंदाज मनात पुन्हा मांडला. हरणं दलदलीत झोपतात आणि सकाळी उठून काठावर येतात, असं ती धरून चालली होती. पण ही मादी दलदलीत झोपलेली नव्हती. ती रात्रभर कुठेतरी भोपळा खात होती आणि दलदल ओलांडून सकाळी परत येत होती. म्हणजे ती वळशाची वाट खायला जाण्याची नव्हती, खाऊन परतण्याची होती.

मारलेल्या हरणाची सरकारकडे करायची नोंदणी तिने फोनवर पुरी केली, कन्फर्मेशन नंबर वहीत उतरवला. मादीला दोघांनी मिळून ओढत कारपर्यंत आणलं. वाटेत सहा वेळा थांबले. शैलेंद्रच्या बुटांचं जे व्हायचं ते झालं. मांस इलाच्या घरच्या गॅरेजात कापायचं, तिथल्याच फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि सुलेखाने लागेल तेवढं थोडंथोडं घरी आणायचं, हे आधीच ठरलेलं होतं. इला संध्याकाळपर्यंत परतणार होती. म्हणजे त्यांच्याकडे दोन तास होते.

शैलेंद्रने फोनवर नकाशा उघडला आणि दलदलीची पलीकडची बाजू मोठी करून पाहिली. पायी पाऊण मैल, रस्त्याने वळसा घालून सहा मैल.

"जायचं बघायला?" त्याने विचारलं.

एक गाडी तिथेच ठेवून दोघं तिच्या गाडीने निघाले. पाचव्या मैलावर उजव्या हाताला एक शेत लागलं. हॅलोविनसाठी लोक मुलांना घेऊन भोपळे निवडायला येतात तसलं. सीझन संपलेला, फाटकापाशी पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेली. वेलींच्या सुकलेल्या दोऱ्यांत न विकले गेलेले शेकडो भोपळे पडले होते. काही थंडीने मऊ पडून बसके झाले होते, काही अजून घट्ट. कुंपणापलीकडे ट्रॅक्टरवर एक म्हातारी बाई होती. तिने हात केला, तेव्हा सुलेखाने जवळ जाऊन विचारलं की इथे हरणं येतात का.

बाई हसली. रोज रात्री येतात, असं तिने सांगितलं, त्या टोकाने, आणि दलदलीकडचा कोपरा दाखवला. किती येतात ते तिने कधी मोजलं नव्हतं. हवं तर आत जाऊन पाहा म्हणाली.

दोघं वेली चुकवत शेताच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथले भोपळे फोडलेले होते. एकेकावर दातांच्या बारीक समांतर रेघा, आतला गर खरवडून खाल्लेला, बिया बहुतेक गायब. शैलेंद्रने एका रेघेवर नख ठेवून पाहिलं. मग तो वाकून मातीकडे पाहू लागला.

"इथे तीन वेगवेगळे आकार आहेत," तो म्हणाला. "बघ. हा मोठा, हा मधला, आणि हा अगदी लहान."

सुलेखा त्याच्या शेजारी खाली बसली. खुरांच्या खुणा कुंपणाच्या मोडलेल्या पट्टीखालून गवतात शिरत होत्या आणि पुढे पाण्याकडे जात होत्या. ती पट्टीवरून वाकली आणि खूण जिथपर्यंत दिसत होती तिथपर्यंत पाहत राहिली. शैलेंद्रने खिशातून उरलेले टिश्यू काढले आणि पहिल्या खुरापाशी एक तुकडा ठेवला.